जाळ्याची खोली

"हॅलो?… कोण?… मोठ्याने बोल रे, इथे चक्की चालू हाय… हां, उत्तम. बोल."

मंजुळाने रिसीव्हर कानापासून जरा लांबच धरला, कारण धाकटा भाऊ परळहून ओरडत होता. आळीत फोन तेवढा भिवाच्या पिठाच्या चक्कीवर. म्हणजे जे काय बोलायचं ते दळणाला आलेल्या सगळ्या बायकांसमोर, आणि आज तिला तेच हवं होतं.

"हो, हो, मीच मोडली चुन्याची आखणी. खराट्याने… नाय, कुत्र्यांनी नाय, मी… आर्किटेक कशाला रागावेल? तो माणूस बरा हाय. अरे, ऐक ना. आधी त्याने नव्या घराचा कागद दाखवला, त्यात नुसत्या रेघा. मी म्हटलं, छान. मग पुठ्ठ्याचं घर आणलं, दारात झाड, झाडाखाली मोटार. मी म्हटलं, अगदी छान. तेव्हा त्यालाच कळलं, बाईला कायपण दिसत नाय. म्हणून अंगणात चुना टाकून खऱ्या मापाचं घर आखलं बिचाऱ्याने. म्हणाला, ताई, आता घरातून चालून बघा."

"चालले ना. हॉल झाला, तुझी खोली, पोरांची खोली, मोरी. मग कोपऱ्यात एवढीशी चौकट. हे काय, विचारलं. तर म्हणतो, जाळ्याची खोली, भावाने सांगितलंय, तुमच्या कोळ्यांत लागतेच… लागते, हो. ज्याची होडी हाय त्याला लागते. आपली कुठे हाय, उत्तम? बाबांची होडी गिरणीच्या संपात तूच विकलीस. आता जाळी कुठली टांगणार?"

पलीकडे तो काहीतरी पुटपुटला.

"परत बोल… ती चौकट माझीच? मग तोंडाने सांगायचं होतंस. आर्किटेकला सांगितलंस जाळी, आणि मला सांगितलंस, ताई, तुला सगळ्यात हवेशीर खोली… हो, झोपूनपण बघितली. भरदिवसा, सगळ्यांसमोर. चटई टाकली नि आडवी झाले. डोकं खोलीत, पाय भिंतीपलीकडे, शेजारच्या जाईबाईने वाळत घातलेल्या बोंबलांत… हसले ना, अख्खी आळी हसली. तो आर्किटेक तेवढा हसला नाय. टेप हातात घेऊन उभा राहिला, मान खाली घालून… काय? पाय दुमडून झोपू?"

भिवाने हात लांब करून चक्की बंद केली. मंजुळा चिडलेली होतीच, पण हे ऐकून तिला भडभडून आलं. नवरा गेल्यापासून ती याच घरात राहत होती, बापाचं शेवटचं दुखणं तिनेच काढलं होतं. नाक ओढून तिने आवाज सरळ केला, कारण उत्तमला रडलेलं ऐकवायचं नव्हतं.

"गिरणी बंद पडली तेव्हा तुझं बिऱ्हाड कुठे आलं रे? या घरात. तू, गुणवंती, तुझी पोरं, सगळे पाय लांब करून झोपलात. मी दाराशी, उंबऱ्याला डोकं लावून. माझ्या माशांच्या पाटीवर सगळ्यांची चूल पेटली, तेव्हा मला दुमड म्हणायची कोणाची छाती नव्हती. मी काय जाळं हाय काय रे? मासे मिळेपर्यंत पाण्यात, मग खुंटीला?"

"रडत नाय मी… उद्या मुकादम येतो? येऊ दे. घर पाडायला आधी मी उठायला पायजे, आणि मी उठत नाय… अरे, ओरडतोस कशाला, ऐक. आखणी मोडून मी गप्प बसले नाय. गोणीत चुना उरला होता. मी परत आडवी झाले, चांगली ऐसपैस, उशाला ट्रंक, बाजूला पाटी, आणि जाईबाईने भोवतीने रेघ मारली. ती माझी खोली. आधी ती बांधायची, मग राहील त्यात तुझं घर… हॉल? हॉल हाय ना. गेला कोपऱ्यात… रविवारी ये, गुणवंतीला घेऊन. चटई टाक, झोपून बघ. पाय बाहेर आले, तर दुमड."

तिने रिसीव्हर ठेवला. फोन लगेच परत वाजायला लागला, तेव्हा भिवाने त्याच्याकडे न बघता चक्की चालू केली.