कयाकच्या बुचाबाबत

जबाब देणारीचे नाव: रजिस्टरात लिहिल्याप्रमाणे; इमारतीत सगळे टेलरबाई म्हणतात. वय ५८ वर्षे. धंदा: घरी शिलाई व कपडे आल्टर करणे. राहणार: तिसरा मजला, लिफ्ट नाही, तलावापासून पायी वीस मिनिटे.

मी आज रविवारी सकाळी ११ वाजून ५० मिनिटांनी आपण होऊन पोलीस ठाण्यात आले आणि विचारल्यावरून, तसेच काही ठिकाणी न विचारताही, सांगते की,

मी वरील ठिकाणी पतीसह राहते. पती वय ६३, लिफ्ट मेकॅनिक, तीन वर्षांपूर्वी निवृत्त. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या लिफ्ट चालू ठेवल्या आणि आम्ही तीन जिने चढतो. दिव्याखाली अंधार. हे लिहायची गरज नाही असे हवालदार म्हणाले. मी म्हटले, आधी बोट पाठवा, मग काय गाळायचे ते गाळा.

पती आज सकाळी तलावावर मासे धरायला गेले ते परत आलेले नाहीत. ते कयाक घेऊन गेले आहेत. कयाक म्हणजे एकट्याने वल्हवायची प्लास्टिकची लांब होडी, पण पतीसमोर तिला होडी म्हटलेले चालत नाही. रंग नारिंगी. लांबी बारा फूट चार इंच. हे माप माझ्या टेपचे आहे, दुकानदाराचे नाही.

कयाक आम्ही घरातच ठेवतो. आधी ती जिन्याखाली होती, तेथे लोकांच्या सायकली अडत. मग गॅलरीत ठेवली, तर उन्हाने बुडाला पोचा आला. मग पतीने पॅसेजच्या भिंतीत ब्रॅकेट ठोकले आणि दोन पट्ट्यांवर ती आडवी टांगली. पॅसेज अकरा फूट नऊ इंच आहे. उरलेले सात इंच बेडरूममध्ये येतात. त्यामुळे दोन वर्षे आमच्या बेडरूमचे दार लागलेले नाही. शेजारीण मला "सवत कशी आहे?" असे विचारते.

कयाकच्या मागच्या टोकाला आतले पाणी काढायचे भोक असते आणि त्याला आट्यांचे बूच असते. घरी आणल्यावर बूच काढून खाली बादली ठेवायची, नाहीतर पाणी आत साचून वास मारतो. पाण्यावर जाताना बूच पुन्हा घट्ट बसवायचे. ते हरवू नये म्हणून पती ते दोरीने सीटला बांधून ठेवत.

बुधवारी दुपारी पतीने ओली कयाक आत आणताना टोक फिरवले आणि आतले पाणी माझ्या मशीनजवळ टांगलेल्या गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या लोकरी कोटावर सांडले. कोट तीनदा धुतला तरी माशांचा वास गेला नाही. मी पतीला म्हणाले, "आता या घरात एक तर ही राहील, नाहीतर मी." पती म्हणाले, "ही निदान गप्प तरी बसते."

मग मीही गप्प बसले. बुधवार दुपारपासून आमचे बोलणे बंद आहे. मी जेवण वाढत होते, ताटाशेजारी त्यांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या ठेवत होते, पण तोंडातून शब्द काढला नाही. पतीही काही कमी नाहीत. मीठ लागले तर स्वतः उठून घेत.

बुधवारीच संध्याकाळी मी कयाक साबणाने पुसली. बुचाच्या दोरीला घाण वास येत होता म्हणून ती कात्रीने कापून टाकली आणि बूच बटणांच्या डब्यात ठेवले. पतीला सांगितले नाही. बोलणे बंद होते.

आज सकाळी ५ वाजून ४० मिनिटांनी तळमजल्यावरचा वायरमन नेहमीप्रमाणे कयाक उतरवायला वर आला. मी अंथरुणात जागी होते. दार लागत नसल्याने पॅसेज दिसत होता. वायरमन म्हणाला, "वहिनींना सांगायचं का?" पती हळू आवाजात म्हणाले, "नको. झोपू दे. चार दिवस तिचा डोळ्याला डोळा नाही." मी डोळे मिटून घेतले. ते जिना उतरेपर्यंत कयाक दोनदा कठड्यावर आपटल्याचा आवाज आला. बूच द्यायचे राहून गेले.

पती साडेनऊपर्यंत परत येतात. दहा वाजता फोन केला, उचलला नाही. नंतर अकरा वेळा केला. साडेदहाला मी तलावावर गेले. कयाक न्यायची दोन चाकांची ट्रॉली काठावर खांबाला कुलूप लावून उभी होती. पाण्यावर काही दिसले नाही. मी घरी धावत आले आणि डबा उघडला. बूच बटणांत होते. ते बूच मी हवालदारांच्या टेबलावर ठेवले आहे.

१२ वाजून ५ मिनिटांनी शोधायला बोट निघाल्याचे मला सांगण्यात आले. हवालदार मला बसा म्हणाले. मला बसवत नाही. पतीच्या अंगावर काय होते असे विचारले. राखाडी शर्ट, कॉलर मी उलटवून शिवलेली, उजव्या खिशाला वेगळा दोरा. लाइफ जॅकेट होते काय, असे विचारले. होते, पण ते अंगात न घालता बुडाखाली घेऊन बसायची त्यांना खोड आहे. किती वाजले ते मी पुन्हा विचारले. १२ वाजून २० मिनिटे झाली होती.

१२ वाजून ३५ मिनिटांनी तलावाच्या पंपहाउसमधून ठाण्यात फोन आला. कयाक उलटली होती आणि पती पंपहाउसच्या लोखंडी शिडीला धरून पाण्यात होते. पंपवाल्याने त्यांना वर ओढले. जिवंत आहेत, असे हवालदारांनी सांगितले. तेव्हा मी बसले. मी खूप रडले. हे गाळायचे नाही.

१ वाजून १० मिनिटांनी पतीला ठाण्यात आणले. अंगावर पंपवाल्याची चादर, एका पायात चप्पल, दात वाजत होते. त्यांनी टेबलावरचे बूच पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. ते बोलले नाहीत. मीही बोलले नाही.

नोंद बंद करायला कारण लिहावे लागते, असे सांगून हवालदारांनी इथपर्यंतचा जबाब वाचून दाखवला आणि शेवटी "पत्नी बूच देण्यास विसरल्यामुळे" असे लिहिले. बाकावरून पती हवालदारांना म्हणाले, "हां, विसरलीच असेल. वय झालंय आता. तसंच लिहा."

मी सांगितले की मी विसरले नव्हते. पती कयाक उतरवत होते तेव्हाच मला बूच आठवले होते. नुसती हाक मारायची होती. पण मी पहिली बोलले असते तर मी हरले असते. मला वाटले, काठावर त्यांना दिसेल, मग तीन जिने चढून येतील आणि मला विचारतील. मला ते हवे होते. कारण म्हणून हे लिहावे.

पती बाकावरून उठले. मग पहिल्यांदा माझ्याशी बोलले. म्हणाले, "अगं, मला दिसलं होतं काठावरच. बूच नाही ते. फडकं कोंबलं भोकात."

मी म्हटले, "अहो, मग घरी का नाही आलात?"

ते म्हणाले, "आलो असतो तर तुला विचारावं लागलं असतं."

यावर मी पतीला जे बोलले ते इतक्या मोठ्याने बोलले की बाहेरचा शिपाई आत आला. हवालदारांनी ते लिहिलेले नाही. पतीही उलट बोलत होते. हे पंधरा मिनिटे चालले, तोपर्यंत हवालदारांनी पेन खाली ठेवले होते.

हा जबाब मला दोनदा मोठ्याने वाचून दाखवला, दोन्ही वेळा पतीसमोर. "विसरल्यामुळे" हा शब्द खोडून तिथे "आठवत असूनही न बोलल्यामुळे" असे घातले आहे आणि त्या खाडाखोडीवर माझी सही आहे. पतीनेही शेजारी सही केली. त्यांच्या सहीची गरज नाही असे हवालदार म्हणाले, तरी केली. आता मजकूर बरोबर आहे.