शेंदराची रेघ

तुम्ही भक्तीचं बोलून राहिले, म्हणून माझीच फजिती सांगतो. इंग्रजांच्या राज्यात घमापुरात माझी लाकडाची वखार होती, अन् तेलाच्या इंजिनावर चालणारी एक छोटी करवत. इंजिन असं थरथरायचं की नट आपोआप ढिले व्हायचे.

गोविंद मिस्त्रीनं पान्यानं सगळे नट आवळले, प्रत्येकावर दुसरा नट बसवला. मग तेलात शेंदूर कालवून प्रत्येक नटावरून खालच्या लोखंडापर्यंत एक सरळ रेघ ओढली. म्हणाला, "भैया, रोज सकाळी चालू करायच्या आधी ही रेघ पाहत जा."

शेंदूर म्हटल्यावर मी काय समजणार? रोज आंघोळ करून जायचो, उदबत्ती लावायचो. एखादी रेघ मोडलेली दिसली की पुसून नवी, ठसठशीत काढायचो.

महिनाभरानं चालत्या करवतीचा एक नट उडाला अन् माझ्या कानाजवळून जाऊन फळीवर आदळला. मिस्त्री धावत आला.

"रेघ पाहिली नाही?"

"रोज पाहिली. मोडली की लगेच नवी काढली!"

तो मटकन खालीच बसला. "अहो भैया, नट फिरला तरच रेघ मोडते. तो रोज सांगून राहिला होता, अन् तुम्ही रोज त्याचं तोंड दाबून राहिले होते."

मी इंजिनासमोर हात जोडले.

मिस्त्रीनं ते जोडलेले हात हलकेच सोडवले अन् त्यात पाना ठेवला.