सहावी क मध्ये सगळे आनंदी

...आणि वर मला म्हणतात, "बाई, आधी एक दीर्घ श्वास घ्या." अहो, घेतेय की! इतकी वर्षं गणित शिकवतेय, ते काय श्वास न घेता? सहावी क ला गणित शिकवून बघा एकदा, फळ्यापर्यंत पोचायलासुद्धा दोन-तीन श्वास लागतात. पण नाही, बाईंना श्वास घ्यायला शिकवायचंच, आणि तेही मधल्या सुट्टीत, माझा डबा उघडा, भाजी गार होतेय, हातात पोळीचा तुकडा तसाच... असू दे. मी चिडलेली नाहीये हं. मी शांत आहे. तुम्ही बघताय ना, किती शांत आहे मी?

तर तुम्हाला सांगते, झालं असं. वरून आदेश आला की यापुढे शिक्षकांनी मुलांच्या भावना हाताळायच्या. हाताळायच्या! काचेचं सामान असल्यासारखं. मग इतके दिवस आम्ही काय करत होतो? मूल रडलं की म्हणायचं, नाक पूस, पाणी पी, बस जाग्यावर. चिडलं की वर्गाबाहेर. दोघं मारामारी करायला लागले की दोघांना एकाच बाकावर बसवायचं, वर्षभर, जन्मठेप. चालत होतं सगळं! म्हणजे... आम्हाला आपलं वाटत होतं, चालतंय.

मग एक दिवस आमच्या मुख्याध्यापिकांनी, शाळेत त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, आम्हा समस्त शिक्षकवर्गाला हॉलमध्ये कोंडलं आणि समोर एक ट्रेनर मॅडम आणून उभ्या केल्या. आवाज काय त्यांचा! इतका मऊ, इतका हळू, की चित्रकलेचे सर पहिल्या दहा मिनिटांत झोपले, चांगले मान टाकून. मॅडम म्हणताहेत, "कुठलीही भावना वाईट नसते... प्रत्येक भावना ही पाहुणी असते..." आणि तेवढ्यात कुणाचा तरी मोबाइल वाजला. झालं. मोठ्या बाईंनी टेबलावर असा हात आपटला की सर खुर्चीतून उठूनच उभे राहिले. "कुणाचाय तो? लाज वाटत नाही? इथे भावनांचं चाललंय!" आता मॅडम काय म्हणाव्यात? मॅडम हसून म्हणाल्या, "मोठ्या बाईंना आत्ता राग आलाय. आपण सगळे मिळून त्या रागाचं स्वागत करूया." आम्ही एकमेकांकडे बघतोय. रागाचं स्वागत करायचं कसं? पीटीच्या सरांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्या बाईंनी त्यांच्याकडे असं काही बघितलं की टाळ्या हवेतच थांबल्या.

आणि मग दोन नवे प्रकार प्रत्येक वर्गात आले. एक म्हणजे शांत कोपरा. वर्गाच्या कोपऱ्यात एक सतरंजी, त्यावर एक उशी. ज्याला राग येईल त्याने तिथे जाऊन बसायचं आणि त्याला कुणी काही विचारायचं नाही. दुसरा म्हणजे भावना-फलक. चार चेहरे काढलेले. आनंदी, दुःखी, घाबरलेला, रागावलेला. प्रत्येक मुलाची पुठ्ठ्याची छोटी पाटी, वर त्याचं नाव, आणि सकाळी आल्या आल्या आपली पाटी आपल्या चेहऱ्याखाली लावायची. माझीही पाटी होती. 'बाई' असं लिहिलेली. मी ती पहिल्या दिवशी 'आनंदी'खाली लावली आणि विषय संपवला. नोकरी करायचीय ना मला?

आता मुलं. मुलांना तुम्ही काय समजता? सहावी क ला कळायला अर्धा दिवस लागला. गणिताचा तास सुरू झाला की एकेक जण उठतोय. "बाई, मला खूप राग आलाय."

"कशाचा रे?"

"विचारायचं नसतं, बाई."

गेला कोपऱ्यात. मग दुसरा. मग तिसरी. अपूर्णांकांचा गुणाकार येईपर्यंत निम्मा वर्ग सतरंजीवर! एका उशीवर चार चार डोकी, आणि तिथे भांडण कशावरून, तर कुणाला जास्त राग आलाय यावरून! "तू उठ, तुझा राग कालचाय, माझा ताजाय." मी फळ्याजवळ खडू घेऊन उभी, आणि मला राग आला तर मी कुठे जायचं हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. पण पीटीचा तास आला रे आला की सगळे बरे. सगळ्यांच्या पाट्या धडाधड 'आनंदी'खाली. मी शांत. एकदम शांत.

तर हे एवढ्यावर भागलं असतं हो. पण मोठ्या बाईंना मोजायची सवय. त्या रोज सकाळी वर्गावर्गातून फिरायच्या आणि आनंदी पाट्या मोजायच्या! कुठल्या वर्गात किती आनंद, याचा सूचनाफलकावर तक्ता. आमची सहावी क तळाला. आणि सहावी अ? कायम वर. सहावी अ आमच्या हसऱ्या बाईंकडे. नवीन आहेत, सदा हसतमुख, त्यांच्या वर्गात मूल जिन्यावरून पडलं तरी हसत पडतं. मोठ्या बाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं, ट्रेनर मॅडम वर्ग बघायला येणार आहेत, त्या दिवशी सहावी क आनंदी दिसली नाही तर वर्ग हसऱ्या बाईंना देऊन टाकेन, आणि तुम्ही ग्रंथालयाची कपाटं बघा.

घरी आले आणि म्हटलं, बरंच होईल. सुटेन एकदाची! कपाटं काय, कपाटं बोलत नाहीत, पाट्या लावत नाहीत. आमचे हे म्हणाले, "हो ना, तुलाही जरा आराम." आणि सासूबाई, त्या एरवी माझ्या बाजूने एक अक्षर बोलायच्या नाहीत, त्या ताटावरून म्हणाल्या, "सुटायचंय, तर मग आमटीत दोनदा मीठ का घातलंस?" अहो, छळतात मेले, पण माझे आहेत ते. कुणाला नऊचा पाढा उलटा येतो, कुणाचा दात पडलाय, कोण वहीत मागच्या पानावर विमानं काढतो, सगळं मला पाठ. ते असे एका तक्त्यापायी जाऊ द्यायचे? रडू आलं हो मला. ओट्यापाशी. पण तिथे काही फलक नव्हता, म्हणून कुणी मोजलं नाही.

आणि त्यातली ती ठिणगी. तिचं हे नाव मी मनातल्या मनात ठेवलंय, तुम्ही कुठे बोलू नका. तिसऱ्या बाकावरची. उत्तर चुकलं की कंपासपेटी हवेत, पेन्सिल दोन तुकड्यांत. तिच्यावर माझा एक इलाज होता. इलाज कसला, तिला जरा नजरेआड करायचं आणि डस्टरही स्वच्छ करून घ्यायची, एवढाच माझा थोर विचार. "जा गं, डस्टर झटकून आण." बाहेरच्या भिंतीवर ती अशी काही डस्टर आपटायची, असा काही आवाज यायचा, की शेजारच्या वर्गात इतिहास थांबायचा! मग यायची, केस पांढरे, पापण्या पांढऱ्या, आणि गुपचूप बसून गणित सोडवायची. पण भिंतीला नवा रंग दिला आणि मोठ्या बाईंनी डस्टर झटकणं बंद केलं. भिंतीची भावना दुखावली असणार.

तर तो दिवस आला. आदल्या दिवशी मी वर्गाला काय सांगितलं माहितीय? अगदी या शब्दांत सांगितलं, "उद्या सगळ्यांनी आनंदी राहायचं. जो आनंदी दिसणार नाही, त्याला मी बघून घेईन." काय पण शिक्षिका!

सकाळी बघते तर 'आनंदी'खाली पाट्यांचा ढीग. एकावर एक, मावेनात, दोन तर खाली पडल्या. आणि बाजूला, 'दुःखी'खाली, एकच पाटी. ठिणगीची. मी तिच्याकडे बघितलं, ती बाकाकडे बघतेय. आणि दारात मोठ्या बाई, मागे ट्रेनर मॅडम, हातात त्यांची कार्डं, कुठल्या भावनेला काय बोलायचं ते लिहिलेली. मोठ्या बाई सगळे दात दाखवत फलकापाशी गेल्या, ती पाटी हळूच काढली आणि 'आनंदी'खाली खोचली. ठिणगी उठली. चालत गेली. पाटी काढली, परत 'दुःखी'खाली. मोठ्या बाईंनी परत हलवली. तिने परत. सगळा वर्ग माना इकडून तिकडे वळवतोय. तिसऱ्यांदा मोठ्या बाईंनी ती पाटी हातात घट्ट धरूनच ठेवली, हसत हसत, आणि ठिणगी मटकन खाली बसली आणि रडायला लागली.

ठिणगी चिडते हो, रडत नाही. मी तिला कधी रडताना बघितलं नव्हतं. मला वाटलं आता कंपासपेटी उडेल, मी तर खाली वाकायच्या तयारीत होते. आणि ती नुसती रडतेय, आवाजसुद्धा न करता.

ट्रेनर मॅडम लगबगीने पुढे आल्या, कार्ड काढलं, वाचलं, "मला दिसतंय की तुला वाईट वाटतंय."

ठिणगी म्हणाली, "दिसतंय, तर मग माझी पाटी का काढली?"

मॅडमनी कार्ड उलटून पाहिलं, मागे काहीच नव्हतं. आणि इकडे मी, शांत, श्वास घेतेय, दीर्घ, सगळे शिकवलेले श्वास घेऊन झाले, उसने घेतले, आणि तरी... नाही. नव्हते मी शांत! काय एकसारखं शांत शांत! मी गेले फलकापाशी, माझी पाटी काढली, पहिल्या दिवसापासून तिथेच होती, तिच्यावर धूळ बसलेली, आणि 'रागावलेला'खाली लावली. म्हटलं, "मोठ्या बाई, ती पाटी तिची आहे. तिला लावायची तिथे लावू द्या."

मोठ्या बाईंनी पाटी दिली. का दिली, अजून माहीत नाही. माझा चेहरा बघून दिली असेल. मग मी ठिणगीला म्हटलं, "चल, डस्टर फार घाण झालीयेत." आणि आम्ही दोघी गेलो, त्या नव्या रंगाच्या भिंतीपाशी, आणि झटकली! धाड धाड! माझी नोकरी, तो तक्ता, ती हसरी... सगळं झटकलं मी. ठिणगी एक आपटतेय, मी एक आपटतेय, मध्येच ती म्हणाली, "आई आज कामासाठी दुसऱ्या गावी राहायला जातेय. मी मावशीकडे. आई म्हणालीय, रडायचं नाही, हसत निरोप द्यायचा."

बघा. घरी हसायचं, शाळेत हसायचं. त्या पोरीने रडायचं कुठे? माझ्याकडे काही कार्ड नव्हतं. मी म्हटलं, "मग इथे रड. इथे कुणी मोजत नाही." ती रडली, मीही रडले, तोंडभर खडूची धूळ आणि त्यावर पाणी, दोघींच्या गालांवर नुसता चिखल.

वर्गात आलो तर पाट्यांची पांगापांग झालेली. निम्मा वर्ग 'घाबरलेला'खाली, कारण दुसऱ्या दिवशी चाचणी. चारपाच 'दुःखी'. एकजण फलकापाशी घुटमळत उभा, मला बारीक आवाजात विचारतोय, "बाई, मी खरंच आनंदी आहे. चालेल ना?" म्हटलं, चालेल रे राजा. आणि मनात म्हटलं, गेला हा वर्ग हातचा. शाळा सुटल्यावर खडूचा डबा, पट्टी, माझी शाल, सगळं पिशवीत भरलं आणि केबिनमध्ये गेले. ऐकून घ्यायला.

तर केबिनमध्ये चहा! मोठ्या बाई उठून उभ्या! ट्रेनर मॅडमचे डोळे ओले. म्हणाल्या, "बाई, शिक्षकाने स्वतःचा राग मुलांसमोर कबूल केला, हे मी इतक्या शाळांत हिंडले, आज पहिल्यांदा बघितलं." त्यांनी वर अहवाल पाठवला, चार दिवसांत वरून शाबासकी आली, आनंदाचा तक्ता त्याच संध्याकाळी सूचनाफलकावरून उतरला, आणि मी सुखावले हो, खोटं कशाला बोलू? ठिणगी आपली पाटी कुठेही लावेल, कुणी हात लावणार नाही. मला वाटलं, जिंकले! वर्ग राहिला माझा!

आणि परवा मधल्या सुट्टीत दोघी माझ्यापुढे येऊन उभ्या, मोठ्या बाई म्हणतात, "बाई, तुमच्यासारखं माणूस एका वर्गात अडकवून ठेवणं बरं नाही. वरून कळवलंय, आता तुम्ही सगळ्या शाळांच्या शिक्षकांना प्रशिक्षण द्यायचं. गावोगाव. सहावी क ची काळजी करू नका, ती आम्ही हसऱ्या बाईंना दिली."

मी म्हटलं, अहो, मला वर्गच हवाय. मोठ्याने म्हटलं, चक्क हात जोडून म्हटलं. दोघी कौतुकाने बघत राहिल्या. मॅडम म्हणाल्या, "बघा, किती मोकळेपणाने बोलतात!"

सोमवारपासून सुरुवात आहे. पहिलं व्याख्यान तयार करतेय. विषय त्यांनीच दिलाय, 'वर्गाशी आपलं नातं कसं टिकवावं'.