भिंतीला भोक नको

—खिळा? छे छे, खिळ्याचं नावच काढू नका! या घरात खिळा नाही, स्क्रू नाही, ड्रिल तर नाहीच नाही. सजवा की, कोण नको म्हणतंय? पण जाताना घर जसं दिलं तसं माझ्या हातात. अहो, हौसेला काय भोकंच पाडावी लागतात? तुमच्या आधी एक मास्तरीण राहायची इथे — शाळेत शिकवायची, म्हणून मी मास्तरीणच म्हणायचे तिला — तिचं घर बघायला हवं होतं तुम्ही. ही समोरची भिंत आहे ना, या अख्ख्या भिंतीला तिनं फुलाफुलांचं सुती कापड लावलं होतं. कशानं? मैद्याच्या खळीनं! जाताना ओला स्पंज फिरवला की कापड अलगद सुटून खाली. पडदे स्प्रिंगच्या दांड्यांवर — ते नुसते दोन भिंतींत दाबून बसवायचे. फोटो चिकटणाऱ्या हुकांवर, आणि हुक काढताना केस वाळवायच्या ड्रायरनं आधी गरम करायचे, म्हणजे रंगाचा पोपडा निघत नाही. हे मी शिकवलं हो तिला, मी. बघा, हात फिरवून बघा. अहो, फिरवा, लाजताय काय! लागतंय काही? नाही ना? मी तर डोळे मिटून बघते, लेकराच्या पाठीवरनं हात फिरवावा तसं. डोळ्यांना जे दिसत नाही ते तळव्याला कळतं.

हो, मधनंमधनं यायचे मी बघायला. किल्ली असतेच माझ्याकडे. घर माझं, किल्ली माझी, त्यात विचारायचं काय? ती शाळेत गेली की यायचे. म्हणजे घर अगदीच रिकामं नसायचं — तिचे वडील असायचे. अप्पा. गुडघे गेलेले, नजर अधू, पण माणूस मोठा अदबशीर हो. मी आले की मला खुर्ची द्यायला उठायचे. ते उठून उभे राहीपर्यंत माझं सगळं घर बघून व्हायचं. हसू नये, पण येतं हसू.

आता बाथरूमचं सांगते, कारण तुम्हीही पुढेमागे तेच विचाराल. ती म्हणाली, काकू, अप्पांना धरायला भिंतीत एक दांडा बसवू द्या, स्टीलचा. मी म्हटलं, अगं बाई, ही फरशी आता बाजारात मिळते का? एक तडकली तर जोड कुठून आणू? तो रबरी वाटीचा दांडा मिळतो ना, दाबला की चिकटतो, तो लाव. तर म्हणते कशी, तो माणसाचा भार घेत नाही, खोक्यावरच लिहिलंय. घ्या! मला शिकवतेय. बरं, नाही म्हटलं म्हणजे नाही, होय की नाही? तर या बाईनं माझ्या पाठीमागं गुपचूप माणूस बोलावून दांडा ठोकून घेतला. भिंतीत! शिकलेली बाई, चार पोरांना वळण लावणारी, आणि असं वागणं?

मी काय सोडते! लगेच प्लंबरला बोलावलं. तो मेला मलाच सांगतो, बाई, त्यांची लेक घरी येऊ द्या, मग काढू. मी म्हटलं, का रे, घर तिच्या बापाचं आहे का माझं? काढ! काढला, भोकं पांढऱ्या सिमेंटनं बुजवली. आणि मी काही राक्षस नाही हं — मी स्वतः दुकानात गेले, पदरमोड करून तो रबरी दांडा आणला, आणि त्याच जागी, त्याच उंचीवर दाबून बसवला. दिसायला अगदी तसाच, चकचकीत. धडधाकट माणसालाही फरक कळला नसता. अप्पा बाहेरच्या खोलीतनं विचारत होते, काय चाललंय हो? म्हटलं, काही नाही, नळ गळत होता. उगाच त्या म्हाताऱ्या जिवाला कशाला घोर?

त्याच संध्याकाळी ते आंघोळीला गेले. सवयीनं हात गेला दांड्याकडे. आता त्याला मी काय करणार? डोकं उंबऱ्यावर आपटलं. दवाखान्यात नेलं, पण घरी काही आले नाहीत. उचलताना म्हणे दांडा मुठीतच होता. फरशीला मात्र ओरखडासुद्धा नाही.

असं बघू नका माझ्याकडे. वय झालं होतं त्यांचं. आणि तिनं ठोकायचाच कशाला? ठोकला नसता तर सवय लागली नसती, सवय लागली नसती तर ते विसंबले नसते. साधा हिशोब आहे. तिनं मला एकच विचारलं — दांडा बदलल्याचं अप्पांना सांगितलं होतंत? मी म्हटलं, हो, चांगलं दोनदा बजावलं होतं. मग काय म्हणणार? मेलेला माणूस थोडाच येतोय खोटं पाडायला! तिनं भिंतीचं कापड काढलं, हुक काढले, सगळं घर पुसून लख्ख केलं आणि गेली. मला वाटलं होतं भांडेल. भांडायला हवं होतं तिनं. माणूस भांडलं म्हणजे — जाऊ दे. मला काय त्याचं.

चला, तुम्हाला स्वयंपाकघर दाखवते. ओटा बघा, कसा — का? काय झालं? कुणी हाक मारली? जिन्यात कोण बसलंय? तुमची आई? त्या इथे राहणार? आणि हातात काय, काठी?

अहो, मग आधी बोलायचं ना! इतका वेळ माझा घसा कोरडा केलात! नाही, नाही, म्हातारं माणूस असेल तर मी आता जागाच देत नाही. एकदा ताप झाला तेवढा पुरे. चपला घाला, या तुम्ही. आणि आईंना म्हणावं, उतरताना भिंतीला हात लावू नका. जिन्याला कालच रंग दिलाय.