कानातल्या बाईसाठी जागा

हसू नका, पण सांगतेच. इअरफोन घालून फिरायचं आणि बेघर माणसाचं जगणं अनुभवायचं, असा एक कार्यक्रम परवा गोदाघाटावर होता. मी हौसेनं गेले. कानातली बाई म्हणाली, "पायरीवर बसा. डोळे मिटा. आता तुमच्याशी कुणीही बोलणार नाही."

तेवढ्यात कुणीतरी माझा खांदा हलवला. "जेवली का गं?"

शेजारी एक म्हातारी होती, मांडीवर बोचकं घेऊन. तिचा मुक्काम तिथंच असतो.

"घरून भांडून आली का?"

"नाही हो आजी, हे ऐकतेय." आता हिला काय समजावणार? मी एक इअरफोन काढून तिच्याच कानात घातला.

कानातली बाई सांगत होती, अंधार पडला की भीती वाटते, दिवसचे दिवस कुणी नावानं हाक मारत नाही. आजीनं अगदी मन लावून ऐकलं.

"लय एकटी हाय गं बिचारी. कुठं बसलीय?"

"अहो आजी, ते रेकॉर्डिंग आहे."

तिनं तोवर बोचकं उचलून पलीकडे ठेवलं होतं. पदरानं पायरी पुसत म्हणाली, "बोलव तिला इकडं. आपण सरकून बसू."