पडून राहिला तरी चालणारा प्रिंटर

(महाळुंगे. कंपन्यांच्या मागच्या गल्लीतली खोली. सुजित सेकंड शिफ्टला निघायच्या बेतात. त्याची बायको निशिगंधा मोबाईल घेऊन बसलीय.)

निशिगंधा : शाईचा तर नकोच. दुकानदार म्हणला, आठवड्याला एखादा तरी फोटो काढत राहावा लागतो, नाहीतर शाई आतल्या आत वाळती. टाकीवाल्याचं पण तेच.

सुजित : मग घ्यायचा कोणता?

निशिगंधा : छोटा येतो, रिबनचा. शाईच नसती त्यात. कागद अन् रिबन एकाच पाकिटात. पडून राहिला तरी काही होत नाही. मी विचारलं, सात महिने पडून राहिला तर? चालतो म्हणला.

सुजित : सात महिने कुठून काढलेस?

निशिगंधा : मी कशाला काढू? सात महिने झाले की तुम्हाला ब्रेक देऊन घरी बसवतेत. मग नवा ठेकेदार, नवा गेट पास, परत पासपोर्ट फोटो. मशीन तेच, माणूस तोच.

सुजित : म्हणजे तू धरूनच चाललीस. मी काही पर्मनंट होत नाही.

निशिगंधा : मी प्रिंटर बघायलेय.

सुजित : साहेब बोललेत या वेळेस. थेट कंपनीचा पास म्हणले.

निशिगंधा : मागच्या साहेबानं तर आधीच पेढे मागितले होते. तुम्ही नेले पण.

सुजित : स्टुडिओ आहे ना कोपऱ्यावर. चार फोटोसाठी घरात मशीन कशाला?

निशिगंधा : मग मागच्या टायमाला मला का पाठवलं? स्वतः जायचं होतं. स्टुडिओवाला म्हणला, वहिनी, दादाचा फोटो सेव्हच असतो आपल्याकडं, दर ब्रेकला तोच देतो. दुकानातली पोरं हसली. तुमच्याच लाईनवरची असतील.

सुजित : हे सांगितलं नाहीस कधी.

निशिगंधा : काय सांगायचं त्यात?

सुजित : तोच फोटो देतो ते खरंय. पासवर मी अजून लग्नाआधीचा आहे. गेटवरचा सिक्युरिटी आधी फोटो बघतो, मग मला. मग परत फोटो.

निशिगंधा : म्हणून म्हणते, घरी काढू. त्या भिंतीला पांढरी चादर लावते. कुणी बघणार नाही, कुणी हसणार नाही.

सुजित : घरी काढला की लाज जाती व्हय?

निशिगंधा : जात नाही. पण घरातच राहती.

सुजित : थांब ना थोडं. आज नको मागवू.

निशिगंधा : ब्रेक सोमवारी आहे, नव्या पासचा फोटो तेव्हाच मागतेत. आज सांगितला तर शनिवारी येतो. नाहीतर एकदा साहेबांनाच विचारा. हो म्हणले तर मी आत्ता मोबाईल खाली ठेवते.

सुजित : (खाली बसून बुटाची लेस बांधू लागतो.)

निशिगंधा : अहो, विचारता का?

सुजित : काल विचारलं.

निशिगंधा : मग?

सुजित : फोटो काढून ठेव म्हणले, नव्या ठेकेदाराला लागंल.

निशिगंधा : काल का नाही बोललात?

सुजित : तू भाकरी वाढत होतीस.

निशिगंधा : डबा घ्या. बस सुटंल.

सुजित : मागव तो रिबनचा. पण आला की पहिला फोटो आपला जोडीचा काढू. लग्नाचा अल्बम सोडला तर आपला एक फोटो नाही कागदावर.

निशिगंधा : सोबत कागद थोडेच येतेत. आधी पासचे निघू द्या.