मेलेल्या गाडीचे कल्ले

— नको, नको, हात नको लावू! गंज हाय, हाताला लागला तर धनुर्वात होईल, मग तुझ्या सिनेमावाल्यांना मी काय सांगू? हे बघ बाबा, तू आलास, बसलास, पाणी प्यालास, गाडी आमची हाय बोललास — बरोबर, तुमचीच. एशियाडच्या वर्षी समोरच्या बंगल्यात तुमचं शूटिंग लागलं होतं तेव्हा आणलीत. मग तुमचा हीरो आणि प्रोड्युसर भांडले, सगळे गाशा गुंडाळून गेले, दिवे नेले, खुर्च्या नेल्या, हिला तेवढी माडाखाली टाकून गेले. दोन वर्षं कुणी ढुंकून बघितलं नाय. आणि आज तू काळा चष्मा लावून येतोस आणि बोलतोस, सगुणाबाई, भांडण मिटलं, पिक्चर परत सुरू, गाडी द्या. घे की! मी कशाला अडवू? मी आपली मढची कोळीण, मला गाडीतलं काय कळतं? पण मेलेली गाडी नेऊन करणार काय तू? खाऱ्या वाऱ्याने खाल्ली रे तिला. आधीच म्हातारी, पाठीला पोक आलेली, लोक तिला डुक्कर बोलतात — त्यात दोन पावसाळे उघड्यावर. संपली ती.

बॅटरी कधीच गेली. रेडिएटर गळका — टिप टिप टिप, खाली डबा लावला तर डबा भरेल. त्यात मूठभर हळद टाकायची, इंजिन चालू ठेवायचं, पाणी तापलं की हळद फुगते आणि बरोबर भेगेत जाऊन बसते, मग दोन-तीन महिने बघायला नको — म्हणजे असं लोक बोलतात हां. मी कशाला टाकू? कालवणाला हळद पुरत नाय, गाडीला कुठली घालू! पेट्रोलची टाकीपण झिरपते. तिथे कपड्याचा साबण, सुका, पिठासारखा मळून दाबायचा. पेट्रोलमध्ये साबण काय विरघळत नाय, घट्ट बसतो. — कसं कळलं? ऐकलं कुठेतरी. मालाडच्या बाजारात माणूस काय काय ऐकतो. — काय? टायरात हवा कशी? अरे समुद्राकाठी राहतो आम्ही, इथे हवेला काय तोटा? भरते आपली आपण! — आणि बॉनेटवर कुंकू? लागलं असेल. तू पण ना, नजर भारी रे तुझी, काळ्या चष्म्यातून पण दिसतं! बरं बाबा, लावलं मीच. सवाष्ण गेली की लावतातच ना कुंकू? मग!

बॉनेट उघडतोस? उघड. तुला सांगते, गाडी आणि मासा सारखाच. बायका पापलेट घ्यायला येतात, डोळे बघतात — डोळ्यांवर पाणी मारलं की डोळे चमकतात, त्यात काय! कल्ला उचलून बघावा. लाल तर ताजा, काळवंडला तर शिळा. तसा गाडीचा प्लग काढून बघावा. कोळशासारखा काळा झाला असेल तर पेट्रोल जास्त पितेय, पांढरा पडला असेल तर उपाशी पळतेय, आणि मस्त बदामी असेल तर समज तब्येत झकास. हा हिचा बघ — नाय, नको बघू! हिचे काढलेच नाय कधी कुणी, गंजून बसलेत. उगाच मोडायचा एखादा. तुला काय वाटतं, मी खोटं बोलते? अरे, आयुष्यभर शिळं ताजं म्हणून खपवणारी बाई मी, आज पहिल्यांदा ताजं शिळं म्हणून — शिळंच हाय! शिळंच बोलले मी!

आत बसून बघायचंय? बस की. दार उघड, मग कळेल. — आला? आला ना वास? मुशीचं तेल हाय ते. होडीला चोपडतो आम्ही, लाकडाला किडा लागत नाय. इथे गंज लागू नये म्हणून — म्हणजे उंदीर लागू नये म्हणून थोडं शिंपडलं. तुझी हीरोइन बसेल यात? रडायच्या सीनला ग्लिसरीन वाचेल एवढंच. — हसतोस काय? नाक का नाय दाबत तू? काय बोललास, आजोळची आठवण झाली? कुठला रे तू? देवगड! नाव काय? दत्ताराम. मेले मी. एवढे सिनेमावाले पडलेत या मुंबईत, नाक मुरडणारे, रुमाल लावणारे, आणि माझ्या नशिबी देवगडचा बांगडा खाणारा आला. जानकी, चहा टाक गं, माणूस आपल्यातलाच निघाला! — जानकी माझी सून. नको, तिला काय विचारू नको. ती खरं बोलते.

हँडल? कुठे मिळालं तुला ते? सीटखाली? चकचकीत कसं? अरे, हँडलाला कसला गंज, मी मसाला कुटायला वापरते. मार बाबा, मार, कोकणातला हायस, जोर असेल. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव, वेढू नको, उलटा झटका दिला तर मनगट मोडतं — असं पण ऐकलंय कुठेतरी. मार. — नाय झाली ना? परत मार. — नाय. घाम बघ किती आला पोराला! बोलले होते मी. — आता माझ्या अंबाड्याकडे काय बघतोस? सारखा हात का जातो? अबोलीचा वळेसर हाय, सुटतो सारखा. म्हातारीचे केस ते, फूल धरत नाय. तर तू आता जा, आणि मालकाला सांग, गाडी मेली. चालणार नाय. कधीच चालणार नाय.

— काय? झकास? यात झकास काय? चालायची गरजच नाय म्हणजे? — ढकलायची? कुठून ढकलायची? — किल्ल्यामागच्या खडकावरून? समुद्रात?

थांब. बसू दे मला जरा. म्हणजे आत व्हिलन, गाडी खडकावरून खाली, आणि पिक्चर खलास. आणि त्यासाठी आख्खी दुनिया सोडून हीच पाहिजे, कारण आधीच्या सीनमध्ये हीच दिसलीय. म्हणजे मी मघापासून तोंडाला फेस येईपर्यंत हिला मारत बसले, ती तुझ्याच सोयीने मेली? वाट लागली. कुणी नाय लावली, माझ्याच जिभेने लावली!

बरं, मग ऐक आता. मेली नाय ती. ठणठणीत हाय. हा घे, धर हातात — अंबाड्यातून काढला म्हणून तेलकट झालाय. ओळखलास? प्लगाच्या वायरी जिथे जमतात त्या काळ्या वाटीच्या पोटात फिरतो तो तुकडा, रोटर. हा नसला की ठिणगी प्लगापर्यंत पोचतच नाय, मग देवगडचे दहा दत्ताराम आणा. तू तिकडे कोपऱ्यावर दिसलास ना चष्मा लावून, तेव्हाच काढला मी. आता बघ, बसवते. वाटी दाबली, क्लिपा लावल्या. जानकी, चोक ओढ गं! सरक तू. — हां! बघितलंस? एका हँडलात! ऐक, आवाज ऐक तिचा, कुठे खोकते का बघ. आणि प्लग बदामी हाय. चारीच्या चारी!

हे सगळं मी केलंय, दत्ताराम, मी. माझा नवरा महादू होडीची इंजिनं खोलतो, मढमध्ये नाव हाय त्याचं — त्याने बॉनेट उघडलं, बघितलं, बोलला, हे डिझेल नाय, मला यातलं समजत नाय, आणि गेला झोपायला. मग मी मालाडच्या अंबादास टॅक्सीवाल्याला धरला. ओले बोंबील दिले की एकेक शिकवायचा. ठिणगी पडत नाय? पॉइंट बघ, खाऱ्या हवेने त्यावर बुरा चढतो, माचिसच्या बाजूने घासून काढ. दुपारची मालवणीपर्यंत जाते आणि धाप लागून बंद पडते? पंप तापतो, पेट्रोलची नळीतच वाफ होते, ओलं फडकं टाक आणि थांब. मी फडकं कशाला टाकू, माझ्या पाटीत बर्फ असतो! मूठभर बर्फ पंपावर, सुरमई थोडी कमी गार, कोण बघायला येतं? सीट ओली दिसली ना तुला, ती त्या बर्फाने. ब्रेकवर पाय ठेवला की पाय खाली खालीच जायचा, आत हवा शिरलेली. मग जानकी वर बसून पाय दाबायची आणि मी चाकाशी आडवी पडून नट सैल करायची — दाब, धर, आता सोड, दाब, धर — बुडबुडे संपेपर्यंत. पहिल्या दिवशी तिने भलत्याच वेळी दाबला, सगळं तेल माझ्या तोंडावर. सासूवर एवढा सूड कुठल्या सुनेने उगवला नसेल! — लायसन? लायसन जानकीचं हाय. चालवते मी. तू काय हवालदार हायस?

हसू नको आता, हे ऐक. परकर नेसायची तेव्हापासून डोक्यावर पाटी. बसमध्ये ओली पाटी घेत नाय, लांबून बघितली तरी कंडक्टर डबल बेल मारतो. मग टेंपोच्या मागे लोंबकळत, नाय तर चालत. मान अशी बसली की बाजूला बघायचं तर आख्खं अंग वळवायला लागायचं. डॉक्टर बोलला, वजन बंद. मी बोलले, मग खाऊ काय? तेव्हा ही समोर माडाखाली उभी होती, मला टाकल्यासारखीच टाकलेली. आता पाट्या मागे बसतात, मी पुढे बसते, आणि येताना मार्व्याला — वेडी बोलशील मला — गाडी थांबवते, खाली उतरते आणि मान वर करून माडाचे शेंडे बघते. जन्म माडाखाली गेला, पण शेंडे कधी धड बघितले नव्हते रे. डोक्यावर पाटी असली की वर बघता येत नाय. मला ही फार आवडते, दत्ताराम. पोटच्या पोरीसारखी आवडते. नारळी पुनवेला होडीची पूजा होते ना, तशी हिची पण केली, नारळ दिला, ते कुंकू त्याचं. आणि चालती होडी आम्ही कोळी बुडवत नाय. तू बुडवशील?

चष्मा काढून डोकं काय खाजवतोस? बोल की. — मालकाला काय सांगू, हेच ना? अरे देवगडचा ना तू, चिंबोरी खातोस ना? तुझ्या सिनेमाला नुसतं कवच पाहिजे. आत मांस हाय का नाय, पडद्यावर कोण फोडून बघणार? भांडुपला एका भंगारवाल्याकडे हिची सख्खी बहीण पडलीय — हेच पोक, हेच डोळे, इंजिन नाय, सीट नाय, ढकलायला हलकी! मी हिचा आरसा शोधायला गेले होते तेव्हा बघितली. अंबादास ओढून आणेल, त्याला मी सांगते. रंग? हिचा हिरवा, आमच्या होडीचा पण हिरवा, अर्धा डबा शिल्लक हाय, घेऊन जा. नंबर तोच दिसायला पाहिजे? मग तोच दाखव. तो पाना दे इकडे. तुमच्या लोकांनी सिनेमाची खोटी प्लेट खऱ्या प्लेटवरच ठोकली होती, माहीत हाय? दोन वर्षं मी खोट्या नंबरावर मालाडला जाते, कुणी हीरोइन समजून पण नाय अडवलं! — निघाली. ही घे खोटी, ती जाऊ दे समुद्रात. खालची खरी, ती राहील हिला.

हसलास! हसलास म्हणजे कबूल. नाय, आता परत विचार करायचा नाय, बाजारात हो बोललं की मासा पिशवीत. हे घे, सुके बोंबील हायत, आईला दे. कुठले विचारलं तर मढचे सांग, गाडीचं नाव काढू नको. चष्मा लाव. हां, असा. प्लेट पिशवीत खाली घाल, वर बोंबील ठेव, म्हणजे कुणी हात घालणार नाय. मालकाला सांग, कोळीण तोंडाची फाटकी हाय, पण गाडी मिळाली. रंग सुकला की खुशाल ढकला. — चहा? चहा पुढच्या वेळी. मला बाजाराला उशीर झालाय, बर्फ वितळतोय. जानकी, पाट्या आण गं! — आणि ऐक, सरळ बस स्टॉपवर जायचं. वाटेत मागून इंजिनाचा आवाज आला तर वळून बघू नको. होडी हाय. रस्त्यावरून चाललीय म्हणून काय झालं? होडीच हाय. चल, नीघ.